विश्लेषण : कोड ‘अ‍ॅक्सेप्टेड’, तरीही वाद का?

मीरा-भाईंदरमधून आयटी कंपन्यांच्या भरतीला बसणाऱ्या नव्या अभियंत्यांसाठी कोडिंग चाचणी ही अनेकदा पहिली चाळणी असते. मुंबईच्या ‘डायरेक्टी’ने २००९ मध्ये सुरू केलेल्या ‘कोडशेफ’सारख्या संकेतस्थळांवर तिचा सराव चालतो. हिरवी खूण आली की काम संपले, असे काही जण मानतात. इतरांच्या मते खरे परीक्षण त्यानंतर सुरू होते.

यंत्र काय तपासते?

ठरलेल्या चाचण्यांवर उत्तर बरोबर आहे का, वेळ आणि मेमरीची मर्यादा पाळली का, एवढेच. व्हेरिएबलचे नाव ‘एक्स’ ठेवा किंवा ‘शिल्लक’, निकाल बदलत नाही.

मतभेद कुठे होतात?

समजा, यादीतून ठरावीक बेरीज येणाऱ्या दोन संख्या शोधायच्या आहेत. एकात एक दोन लूप लावल्यास एक लाख संख्यांसाठी सुमारे ५०० कोटी जोड्या तपासाव्या लागू शकतात. आधी पाहिलेल्या संख्या डिक्शनरीत ठेवल्या, तर यादीवरून एकच फेरी पुरते. इथवर सगळे सहमत असतात. हेच उत्तर कोणी एका ओळीत कोंबले, की ‘हुशारी’ विरुद्ध ‘वाचनीयता’ असा वाद पेटतो. पायथनची शैली-नियमावली ‘पेप ८’ २००१ पासून आहे. तीत ओळीची मर्यादा ७९ अक्षरांची आहे. ‘गो’ भाषेत तर मांडणी ‘गोएफएमटी’ हे साधनच करून देते, त्यामुळे स्पेस की टॅब हे भांडणच उरत नाही.

चाचण्या पार झालेला कोड चुकू शकतो?

हो. जोशुआ ब्लॉक यांनी जावाच्या लायब्ररीसाठी लिहिलेल्या बायनरी सर्चमध्ये सुमारे नऊ वर्षे दोष दडून होता. २००६ मध्ये त्यांनीच तो जाहीरपणे मांडला. मधला क्रमांक काढताना दोन टोकांची बेरीज केली जाई. यादी १०० कोटींहून मोठी झाली, की ती बेरीज पूर्णांकाच्या मर्यादेबाहेर जाऊ शकत होती.

मग अभिप्राय कसा असावा?

‘कोड गचाळ आहे’ याने कोणी शिकत नाही. ‘यादी रिकामी असेल तर काय होईल?’ हा प्रश्न शिकवतो. आधी अचूकता, मग वेग, मग नावे आणि मांडणी, असा क्रम ठेवावा. मुलाखतीत स्वतःचाच कोड ओळीओळीने समजावून सांगावा लागतो. तिथे हिरवी खूण मदतीला येत नाही.