जामठ्याचं मलम आणि गुडघ्याचे पाच महिने

फेब्रुवारी 2023 मध्ये नागपूरलगतच्या जामठा मैदानावर भारत-ऑस्ट्रेलिया कसोटी सुरू होती. पहिल्याच दिवशी रवींद्र जडेजा गोलंदाजीच्या हाताच्या बोटाला काहीतरी चोळताना कॅमेऱ्यात दिसला आणि गदारोळ उठला. निघालं ते बोटाच्या सुजेवरचं वेदनाशामक मलम. चेंडूशी छेडछाड झालेली नव्हती, पण पंचांना न विचारता मलम लावल्याबद्दल त्याच्या मानधनातून 25 टक्के दंड कापला गेला. याच सामन्यात त्याने पहिल्या डावात 47 धावांत 5 बळी घेतले, 70 धावा काढल्या आणि तो सामनावीर ठरला. उजव्या गुडघ्यावर सप्टेंबर 2022 मध्ये शस्त्रक्रिया झाल्यानंतरचा हा त्याचा पहिला आंतरराष्ट्रीय सामना. मधले महिने बंगळुरूच्या राष्ट्रीय क्रिकेट अकादमीत गेले होते आणि जानेवारीत चेन्नईला एक रणजी सामना खेळून गुडघा पारखून घेतला होता. चर्चा मात्र झाली ती मलमाची. खेळातल्या दुखापतीकडे आपण एरवीही असंच पाहतो. वेदना कशाने थांबेल हे विचारतो, आणि ती थांबली की उपचार संपले असं धरून चालतो.

ही समजूत महागात पडते, कारण वेदनेचं वेळापत्रक वेगळं आणि शरीराच्या डागडुजीचं वेगळं. पाय मुरगळून घोट्याचा अस्थिबंध ताणला गेला, तर पहिले काही दिवस सूज राहते, पुढचे काही आठवडे कोलॅजनचे नवे तंतू तयार होतात, आणि त्या तंतूंना शिस्त लागून बळ यायला त्याहून कितीतरी जास्त काळ, कधी कधी वर्षही, लागतं. दुखणं बहुतेक वेळा दुसऱ्या टप्प्यातच ओसरतं. शिवाय हे तंतू ज्या दिशेने ताण येईल त्या दिशेने रचले जातात. म्हणजे घोटा नुसता पलंगावर ठेवला तर तो दुखणार नाही, पण धावण्याजोगाही होणार नाही. फिजिओथेरपीचं खरं काम इथेच आहे: किती भार, कधी आणि कोणत्या वेगाने वाढवायचा हे ठरवणं.

गुडघ्याच्या एसीएल या अस्थिबंधावर याचा चांगला अभ्यास झाला आहे. अमेरिका आणि नॉर्वेतल्या 106 रुग्णांचा शस्त्रक्रियेनंतर दोन वर्षं मागोवा घेतलेला एक अभ्यास 2016 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात नवव्या महिन्यापर्यंत खेळात परतणं जितके महिने लांबवलं, त्या प्रत्येक महिन्यामागे गुडघा पुन्हा दुखावण्याचं प्रमाण सुमारे निम्म्याने घटलेलं दिसलं. थांबणारे लोक मुळातच जास्त सांभाळून खेळणारे असतील, अशी शंका घेता येते आणि ती रास्त आहे. पण मांडीच्या स्नायूची ताकद दुसऱ्या पायाच्या बरोबरीला आलेल्यांनाही पुन्हा दुखापत कमी झाली, हे त्याच अभ्यासात दिसतं. मग जडेजा पाच महिन्यांत कसा परतला? प्रत्येक दुखापतीची आणि शस्त्रक्रियेची मुदत वेगळी असते. एसीएलचे नऊ महिने सगळ्या गुडघ्यांना लावायचं कारण नाही. कसोटी महिन्यांपेक्षा ताकदीची आणि उडी मारून तोल सावरण्याची घ्यायला हवी.

यावर नेहमीचा आक्षेप असा, की फिजिओकडे दहा दिवस जाऊन मशीनचा शेक घेतला, काही फरक पडला नाही. आक्षेप खरा आहे, पण तो शेकावरचा आहे. मुरगळलेल्या घोट्यावर अल्ट्रासाउंडने विशेष फायदा होत नाही, असं कॉक्रेनच्या आढाव्यात आढळलं आहे. बर्फाचंही तसंच. विश्रांती, बर्फ, दाब आणि पाय उंच ठेवणं हे चौकडीचं सूत्र 1978 मध्ये रूढ करणारे अमेरिकन डॉक्टर गेब मर्किन यांनीच पुढे बर्फाने भरून येण्याची क्रिया लांबते असं लिहिलं. तरी वेदना कमी करणं निरुपयोगी नाही. गुडघा सुजलेला असला की मांडीचा पुढचा स्नायू पुरता आवळताच येत नाही. सूज आणि वेदना उतरवली तरच व्यायाम सुरू होतो. माझ्या मते मशीनचं स्थान एवढंच आहे, आणि ज्या केंद्रात रोजची सगळी वेळ मशीनवरच जाते ते केंद्र बदलावं.

दुसरी भीती व्यायाम करताना दुखण्याची. टाचेमागच्या अकिलीस शिरेच्या दुखण्यावर स्वीडनमध्ये झालेल्या चाचणीत काही रुग्णांना दहापैकी पाचपर्यंतचं दुखणं सोसून धावू दिलं होतं. धावणं बंद ठेवलेल्यांपेक्षा त्यांची प्रकृती वाईट झाली नाही. मात्र दुखणं दुसऱ्या सकाळपर्यंत उतरायला हवं, ही अट होती. सगळ्याच दुखण्यांना ही मुभा नसते.

सगळ्यात वजनदार आक्षेप पैशाचा आणि वेळेचा. पहाटे मैदानांवर आणि रस्त्यांच्या कडेने पोलीस भरतीसाठी धावणाऱ्या मुलामुलींपाशी ना अकादमी आहे, ना पाच महिने. मैदानी चाचणीत मुलांना 1600 मीटर, मुलींना 800 मीटर. तिथले गुण हुकले तर लेखी परीक्षाच दूर राहते. पण भार हळूहळू वाढवणं ही उपचारातली सगळ्यात स्वस्त गोष्ट आहे. टाचा उचलणं, एका पायावर तोल धरणं, बसून-उठून मांडी बळकट करणं याला पायरी आणि भिंत पुरते. हे नेमून द्यायला जाणकार हवा, तर नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात फिजिओथेरपीचं पदवी शिक्षण दिलं जातं आणि उपचारही होतात. खरी अडचण वेगळीच आहे. जाहिरात आली की अंतर एकदम वाढवलं जातं, नडगी दुखू लागते आणि गोळी घेऊन धावणं चालू राहतं. नडगीच्या कडेने लांबवर पसरलेलं दुखणं भार कमी केल्यावर बहुधा आवरतं. पण बोटाने दाखवता येईल अशा एकाच जागी हाड दुखत असेल, रात्रीही ठणकत असेल, तर हाडाला बारीक तडा असू शकतो, आणि पहिल्या दोन-तीन आठवड्यांत एक्स-रे बऱ्याचदा स्वच्छच येतो. अशा वेळी एक्स-रेवर विसंबून धावत राहू नये. डॉक्टर दुसरी तपासणी सुचवेपर्यंत धावणं थांबवावं आणि पाय दुखत नसेल तर दम सायकलवर किंवा पोहून टिकवावा.