न दिसणारी जमा

दुखले की औषध घ्यायचे, थांबले की सोडायचे, हा हिशेब आपल्या अंगवळणी पडलेला आहे. कोलेस्टेरॉलची गोळी त्यात बसत नाही. वाढलेले कोलेस्टेरॉल दुखत नाही आणि उतरले तरी अंगाला कळत नाही. म्हणूनच ‘रिपोर्ट नॉर्मल आला, आता गोळी बंद!’ हे वाक्य आम्हा निवृत्तांच्या कट्ट्यावर हमखास ऐकू येते.

कोलेस्टेरॉल हे विष नव्हे. पेशींच्या आवरणाला, पित्तरसाला ते लागतेच. बरेचसे शरीर स्वतःच तयार करते. रक्तातून ते वाहून नेणारे ‘एलडीएल’ कण फार झाले, की मात्र वर्षानुवर्षे रोहिण्यांच्या भिंतींत साठत जातात. १९७३ साली अकिरा एंडो या जपानी शास्त्रज्ञाला हजारो बुरशा तपासल्यावर क्योटोतल्या तांदळावरच्या एका बुरशीत ही निर्मिती रोखणारे द्रव्य सापडले. स्टॅटिन गोळ्यांचे हे मूळ. यकृतातले उत्पादन घटले, की यकृत रक्तातले एलडीएल अधिक ओढून घेते. गोळी थांबली, की कारखाना पुन्हा पूर्वीसारखा सुरू. नॉर्मल रिपोर्ट हे गोळी चालू असल्याचे फळ. आजार संपल्याचा दाखला नव्हे.

मग लाभ किती? १९९४ साली स्कँडिनेव्हियातल्या ४,४४४ हृदयरुग्णांच्या चाचणीचे आकडे प्रसिद्ध झाले. निम्म्यांना सिम्व्हास्टॅटिन, निम्म्यांना औषध नसलेली गोळी. पाच वर्षांहून थोड्या अधिक काळात दुसऱ्या गटात २५६ माणसे दगावली, पहिल्या गटात १८२. म्हणजे शंभरामागे तीन-चार जीव वाचले. पण ते कोणाचे, हे कोणीच सांगू शकत नाही.

बँकेत उभी हयात गेलेल्या माणसाला हे चटकन उमगते. बुडालेले कर्ज सर्वांना दिसते. वेळीच सावध राहिल्याने जे बुडालेच नाही, त्याची नोंद कुठल्याच खतावणीत होत नाही. टळलेल्या झटक्याचीही पावती मिळत नसते.

ही गोळी सरसकट सर्वांसाठी नाही. आधीचा झटका, वय, रक्तदाब, मधुमेह, तंबाखू अशी सगळी बेरीज मांडून डॉक्टर ती देतात. काहींचे स्नायू दुखतात. तेही डॉक्टरांना सांगावे, मात्रा किंवा औषध बदलता येते. मात्र कट्ट्यावरच्या सल्ल्याने हे खाते परस्पर बंद करू नये.