नागपूर फक्त दवाखान्यासाठी नाही

भंडारा जिल्ह्यातल्या कुठल्याही गावात विचारा, नागपूरला जाऊन आलेला माणूस घराघरात सापडेल. कुणाला मेडिकलमध्ये भरती केलं होतं, कुणाचं मेयोत ऑपरेशन झालं, कुणाची हायकोर्टात जमिनीची तारीख होती, पोराचा परीक्षेचा नंबर तिकडे लागला होता, लग्नाचा बस्ता गांधीबागेत बांधला होता. त्याच माणसाला विचारा, नागपुरात पाहिलं काय? उत्तर बहुधा गणेशपेठचं बसस्थानक आणि दवाखान्याचा व्हरांडा यांच्या पुढे जात नाही. काम नसताना शहरात जाणं म्हणजे पैशाचा चुराडा, ही समजूत आपल्याकडे पक्की आहे. धानाचे चुकारे हातात आले की त्यातून सोसायटीचं कर्ज, उधारी, शाळेची फी. फिरायला पैसा आणायचा कुठून, हा प्रश्न खराच आहे. तरीही मला ठामपणे सांगायचं आहे की नागपुरात जे पाहण्यासारखं आहे, ते बहुतेक लोकांच्या पैशातून लोकांसाठी उभं राहिलेलं आहे. म्हणूनच ते फुकट किंवा अगदी थोडक्यात पाहता येतं. त्यावर भंडाऱ्याचा हक्क नागपूरकरांइतकाच आहे.

हिशोब प्रवासापासून मांडू. भंडारा ते नागपूर अंतर साठ-पासष्ट किलोमीटर. आजी, नवरा-बायको आणि प्राथमिक शाळेत जाणारी दोन मुलं, असं पाच जणांचं कुटुंब धरा. आजीचं वय 75 च्या वर असेल तर ऑगस्ट 2022 पासून एसटीचा प्रवास तिला मोफत आहे. 17 मार्च 2023 पासून महिलांना निम्मं भाडं आहे. पाच ते बारा वर्षांच्या मुलांचं अर्धं तिकीट तर पूर्वीपासूनच आहे. म्हणजे पाच माणसं अडीच तिकिटांत नागपूर गाठतात आणि अडीच तिकिटांत परत येतात. आजी 65 ते 75 मधली असली तर आणखी अर्धं धरा. सवलत फक्त साध्या लालपरीलाच मिळते असं समजून अनेक जण निमआराम गाडी सोडून देतात. तसं नाही, ती एसटीच्या सगळ्या गाड्यांना आहे. आजीचं आधार कार्ड मात्र पिशवीत हवं. या सवलतींनी खेड्यातल्या बाईच्या पायांना बळ दिलं आहे. त्यांचा उपयोग माहेर आणि दवाखाना यांच्यापुरता राहू नये, असं मला मनापासून वाटतं.

तुमसर, मोहाडी, वरठीकडच्यांना रेल्वे बरी. भंडारा रोड हे स्टेशन वरठीला, शहरापासून दहाएक किलोमीटरवर आहे. त्यामुळे खुद्द भंडाऱ्यातून जाणाऱ्याला ऑटोचा खर्च जोडावा लागतो आणि स्वस्ताई निम्मी होते. ज्यांच्या पायाशी स्टेशन आहे त्यांना मात्र गोंदियाकडून येणाऱ्या पॅसेंजर आणि मेमू गाड्यांसारखं स्वस्त साधन नाही. ही मुंबई-हावडा मुख्य लाइन आहे, मालगाड्यांची वर्दळ मोठी, पॅसेंजर बाजूला उभी राहते. परतताना रात्र होणार असेल तर बसच धरावी.

मोठ्या शहरात खरा पैसा जातो तो ऑटोत. पोरंबाळं आणि म्हातारं माणूस सोबत असलं की प्रत्येक ठिकाणाहून पुढच्या ठिकाणी ऑटो, आणि संध्याकाळपर्यंत एसटीच्या भाड्यापेक्षा ऑटोचं भाडं जास्त. नागपूर मेट्रोने हे गणित आपल्यासाठी बदललं आहे, आणि ही गोष्ट आपल्या जिल्ह्यात अजून नीट पोहोचलेली दिसत नाही. 11 डिसेंबर 2022 ला मेट्रोची ॲक्वा लाइन प्रजापतीनगरपर्यंत सुरू झाली. प्रजापतीनगर म्हणजे शहराचा आपल्या बाजूचा भाग, पारडीकडून आत शिरताना भंडारा रोडवरच. तिथून निघालेली गाडी सेंट्रल अव्हेन्यूवरून, रेल्वे स्टेशनवरून, सीताबर्डीहून शहर आरपार ओलांडत पश्चिमेला लोकमान्यनगरला जाते. वाटेत सुभाषनगरला उतरलं की अंबाझरी तलाव. एकही गाडी बदलायची नाही, कुणाशी भाव करायचा नाही. गणेशपेठपर्यंत न जाता अलीकडे उतरता येईल का, हे कंडक्टरला आधीच विचारून ठेवावं.

मेट्रो हीच मुलांसाठी एक सहल आहे. सीताबर्डीला दोन लाइन एकमेकींना भेटतात. तिथे ऑरेंज लाइनवर बदलून ऑटोमोटिव्ह चौकाच्या दिशेने बसा आणि गड्डीगोदाम येईपर्यंत मुलांना खिडकीशी उभं करा. तिथे सर्वांत खाली रस्ता, त्याच्यावर रेल्वेचे रूळ, त्याच्यावर उड्डाणपूल आणि त्याच्याही वर आपण बसलेली मेट्रो. नशीब चांगलं असेल तर खालून त्याच वेळी आगगाडी जाताना दिसते. तिकिटाला लागतात ते मोजके रुपये. मेट्रोच्या स्टेशनांवर स्वच्छतागृह असतं, ही बायाबापड्यांच्या दृष्टीने किती मोठी सोय आहे ते बाजारात दिवसभर फिरलेलीच सांगू शकेल.

याच लाइनवर झीरो माइल स्टेशन आहे. बाहेर पडलं की चार घोड्यांचे पुतळे आणि मोजणीच्या काळातला तो खांब. भारताचा मध्यबिंदू म्हणून शाळेत सांगितला जातो, तसा तो काटेकोर मध्य नाही. इंग्रजांनी देशाची मोजणी केली त्या कामातला हा संदर्भबिंदू. तिथून सिव्हिल लाइन्समधल्या मध्यवर्ती संग्रहालयापर्यंत म्हातारं माणूस सोबत असेल तरच ऑटो करावा, एरवी पायी जाता येतं.

या संग्रहालयाला लोक अजब बंगला म्हणतात. 1863 मध्ये ते सुरू झालं. दोनच वर्षं आधी नागपूर राजधानी असलेला मध्य प्रांत अस्तित्वात आला होता आणि भंडारा हा त्याच प्रांताचा जिल्हा. खेड्यातून आलेली मुलं इथे पेंढा भरलेल्या प्राण्या-पक्ष्यांसमोर थबकतात. नागझिऱ्याच्या गोष्टी ऐकलेलं, पण वाघ कधी न पाहिलेलं पोर काचेपलीकडच्या वाघाच्या मिशा मोजत बसतं. त्याला घाई करू नये. मोठ्यांनी शिल्पांच्या आणि शिलालेखांच्या दालनात रेंगाळावं. आपल्या पवनीला जगन्नाथ टेकडीवर 1969-70 मध्ये नागपूर विद्यापीठ आणि पुरातत्त्व खात्याने उत्खनन केलं, तेव्हा दोन हजार वर्षांपूर्वीच्या बौद्ध स्तूपाचे अवशेष उघडे झाले. ज्या टेकडीजवळून आपण रोज सायकलने गेलो तिचं मोल अशा दालनात उभं राहिलं की उमगतं. प्रवेशाचा खर्च किरकोळ आहे. सोमवारी मात्र हे संग्रहालय बंद असतं.

दीक्षाभूमीला तर पैसाच लागत नाही. 14 ऑक्टोबर 1956 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लाखो अनुयायांसह इथे बौद्ध धम्म स्वीकारला. आज तिथे उभा असलेला भव्य स्तूप 18 डिसेंबर 2001 रोजी राष्ट्रपती के. आर. नारायणन यांच्या हस्ते खुला झाला. बहुतेक स्तूप भरीव असतात, हा आतून पोकळ आहे. उन्हातून आत पाऊल टाकलं की घुमटाखालची गार, मोठी जागा अंगावर येते आणि बडबडी मुलंही आपोआप हळू बोलू लागतात. भंडाऱ्याच्या माणसाने तिथे एक गोष्ट मुलांना जरूर सांगावी. दीक्षेच्या अवघी दोन वर्षं आधी, 1954 मध्ये, बाबासाहेब आपल्या भंडारा मतदारसंघातून लोकसभेची पोटनिवडणूक लढले होते आणि आपण त्यांना निवडून दिलं नाही. जिल्ह्याच्या इतिहासातलं हे पान पुढच्या पिढीपासून झाकून ठेवण्याचं कारण नाही.

मुलं सहावी-सातवीच्या पुढची असतील तर गांधीसागर तलावाजवळचं रामन विज्ञान केंद्र सोडू नका. मार्च 1992 मध्ये ते सुरू झालं, पुढे तारांगणही आलं. ज्यांच्या नावाने ते आहे ते सी. व्ही. रामन तरुणपणी सरकारी लेखा खात्यात होते आणि काही काळ त्यांची नोकरी नागपुरातच होती. इथली यंत्रं हात लावून, फिरवून, ढकलून पाहायची असतात. आपल्या कित्येक शाळांत प्रयोगशाळेचं कपाट कुलपात असतं, त्या मुलांना हे केंद्र काय देऊन जातं ते पालकांनी स्वतः पाहावं. तिकीट आहे, तारांगणाचं वेगळं. पण दिवसभराच्या खर्चात पैसे मोजावेत असं एकच ठिकाण निवडायचं झालं तर मी हे निवडेन.

खाण्याचं. दुपारची शिदोरी घरून बांधून न्यावी, त्यात लाजण्यासारखं काही नाही. महाराजबागेत किंवा अंबाझरीच्या काठी सावली बघून डबा उघडला की निम्मा खर्च वाचला. सकाळी मात्र गाडीवरचे तर्री-पोहे खाल्ल्याशिवाय नागपूर झालं असं म्हणू नये. कस्तुरचंद पार्कच्या परिसरातले पोहे प्रसिद्ध आहेत, पण गल्लोगल्ली गाड्या आहेत. वाफाळत्या पोह्यांवर गाडीवाला पळीने हरभऱ्याची लालजर्द तर्री सोडतो, वर चिरलेला कांदा, लिंबाची फोड, हवा तर चिवडा. पोहे त्या रश्शात भिजतात न भिजतात तोच खायचे, आणि तर्री संपली की पुन्हा मागायची. पोटभर होतं आणि दुपारपर्यंत भूक लागत नाही. हिवाळ्यात सांबारवडी मिळाली तर पाच जणांत एक प्लेट चवीपुरती पुरे. सावजीचं मटण म्हणाल तर ते हलबा-कोष्टी विणकरांच्या घरातून आलेलं जेवण, अस्सल आणि जहाल. चार पैसे जास्त असतील त्या दिवशी जरूर खावं, पण लहान मुलांना जपून.

खरेदीबद्दल फार सांगत नाही, ती सगळ्यांना येते. बर्डीवर गेलात तर काय घ्यायचं ते घरूनच ठरवून जा.

मला स्वतःला ओढ आहे ती महाल-इतवारीच्या जुन्या वस्तीची. पायी हिंडायला खर्च शून्य. 1702 मध्ये गोंड राजा बख्त बुलंद शाहाने हे शहर वसवलं आणि त्याच्याच सुभेदाराने तुमसर तालुक्यात आपला अंबागड बांधला, म्हणजे शहर आणि तो किल्ला एकाच राजवटीतले. पुढे भोसले आले. गांधी गेट, म्हणजे जुना जुम्मा दरवाजा, अजून उभा आहे आणि त्यातून रहदारी वाहते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी इथे या. काळी आणि पिवळी मारबत निघते, सोबत त्या वर्षीच्या महागाईपासून भ्रष्टाचारापर्यंत सगळ्यांवर तोंडसुख घेणारे बडगे. एकोणिसाव्या शतकापासूनची ही प्रथा नागपूरची खास आहे, आणि रस्त्याच्या कडेला उभं राहून पाहायची असते. गर्दी प्रचंड, मुलांचा हात सोडू नका.

केव्हा जाऊ नये तेही सांगतो. उन्हाळ्यात पारा 45 अंशांवर जातो, तेव्हा म्हाताऱ्यांना आणि लेकरांना घेऊन फिरणं धोक्याचं. डिसेंबरात विधिमंडळाचं अधिवेशन असलं की सिव्हिल लाइन्समध्ये मोर्चे आणि बंदोबस्त, रस्ते बंद. त्या दिवसांत तिकडची ठिकाणं टाळावीत. आपलं धान कापून-चुरून झालं की नोव्हेंबर-अखेरपासून फेब्रुवारीपर्यंतचा काळ सर्वांत चांगला.

मेडिकलला तपासणीची तारीख घेऊन दरवर्षी आपली कितीतरी माणसं नागपूरला जातात. बहुतेकांचं काम दुपारपर्यंत आटोपतं आणि मिळेल त्या गाडीने ती परत फिरतात. पेशंटची तब्येत बरी असेल तर त्या दिवशी लगेच परतू नका. चार तास काढा. आईला दीक्षाभूमी दाखवा, नाहीतर तिला फुटाळ्याच्या काठावर नेऊन बसवा आणि भाजलेलं कणीस घेऊन द्या. आयुष्यभर नागपूरची वाट तिने फक्त आजारपणात तुडवली आहे. निघण्याआधी परतीच्या शेवटच्या बसची वेळ मात्र डेपोत विचारून ठेवा.