आषाढातली सुट्टी

मामी सोप्यात भिंतीला टेकून बसली आहे. पुढ्यात पितळी ताट, ताटात चांदीच्या कड्या, दोन्ही हातांत एकेक चिमटा. डाव्या चिमट्यानं कडी धरायची, उजव्यानं तिचं तोंड उघडायचं, त्यात पुढची कडी अडकवायची, तोंड मिटवायचं. कडी ज्वारीच्या दाण्याएवढी. बोलताना, बाहेरच्या पावसाकडं बघताना, "दूध उतू जाईल, बघा" म्हणताना तिचे हात थांबत नाहीत. दारात दोन बॅगा बांधून ठेवल्या आहेत. मामा-मामी आज तिरुपतीला निघाली आहेत, कोल्हापुरातून हरिप्रिया एक्सप्रेस गाठायची आहे आणि ही अजून पैंजणाची लड पुरी करते आहे.

"मामी, पुरे की आता."

"एवढी लड झाली की उठते बाळा. माल पोचता करूनच जायाचं. हिशोब मागं ऱ्हायला तर देवाम्होरं बी त्योच डोळ्यापुढं येतोय."

मामा जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले. अठ्ठावन्नाव्या वर्षी शाल, श्रीफळ, निरोपाचं भाषण, दुसऱ्या महिन्यापासून पेन्शन. मामी लग्न होऊन हुपरीत आली ती सासूच्या शेजारी कड्या जोडायला बसली आणि आजही बसते आहे. या गावात हे कुणाला सांगावं लागत नाही. चांदीची आटणी एका घरात, तार ओढणं दुसऱ्या, झाळकाम तिसऱ्या, घुंगरू आणखी कुठं, पॉलिश आणखी कुठं. अख्खं गाव मिळून एक पैंजण तयार होतं. चांदी देऊन पैंजण करून घेणाऱ्या धडीवाल्याकडून ती वजनावर यायची, जोडून वजनावर परत जायची. त्या दोन वजनांच्या मधे हजारो बायकांचे हात आहेत, आणि त्यातले बहुतेक हात घरातल्या सोप्यातच बसलेले आहेत.

म्हणूनच या दोघांची सुट्टी कधी जुळली नाही. मामांना मे महिन्यात सुट्टी. मे म्हणजे लग्नसराई, पैंजणांना उसंत नाही. मामांना दिवाळीची सुट्टी; दिवाळीआधी तर रात्रीचे दिवे विझत नाहीत. शाळेची सहल गोव्याला, विजापूरला, रायगडला गेली, मामा मुलांना घेऊन गेले, मामी घरी ताटापुढं. काम मंदावतं ते आषाढात, आणि आषाढात शाळा ऐन भरात. मामांची नोकरी सुटली तेव्हा कुठं आषाढ दोघांच्या वाट्याला आला. मला या प्रवासाचं फार अप्रूप वाटतं ते यासाठी.

"अगं, माझा चष्मा?" मामा आतून विचारतात. चष्मा सापडतो देव्हाऱ्यात, हळदीकुंकवाच्या करंड्यामागं. दूध उतू गेलेलंच आहे. मग मामीला पन्हळीचा आवाज खटकतो. "पाऊस तर उघडलाय, मग ह्ये पानी कशाचं पडतंय वो?" मामा जिन्याकडं धावतात. मोटर पहाटेपासून चालू आहे, टाकी भरून वाहते आहे, आणि पावसाच्या आवाजात कुणालाच ते कळलेलं नाही. मामा भिजून खाली येतात, पुन्हा सदरा बदलतात. बॅग पुन्हा उघडते.

लड पुरी होते. मामी काटा पुढ्यात ओढते, ताटातलं सगळं त्यावर ठेवते. वहीतला आकडा बघते. पुन्हा काट्याकडं बघते.

"चौदा गिराम कमी हाईत."

ती ताट झटकते. पदर झटकते. बसकराखाली हात फिरवते. चांदीचा भाव किलोला लाखाच्या वर केव्हाच गेला. ग्रॅममागं शंभराची नोट पुरत नाही. जोडकामात थोडी घट धरलेली असते, पण चौदा ग्रॅम ही घट नव्हे. मग तिची नजर कोपऱ्यातल्या डब्याकडं जाते. डबा रिकामा आहे, वरून पुसून स्वच्छही केलेला आहे.

"अवो, ह्या डब्यातला केर कुटं टाकलासा?"

मामा दारात उभे. "घंटागाडीत दिला की मघाशी. म्हटलं, आठ दिवस घर बंद राहणार. सगळा सोपा झाडून काढला मी."

मामी काही बोलत नाही. हुपरीत केर टाकत नाहीत, हे मामांना ठाऊक नाही असं नाही. जिथं चांदीचं काम चालतं तिथली धूळ डब्यात साठवायची, कधी चाळून घ्यायची, कधी झारेकऱ्याला द्यायची. राखेतून, मातीतून तो चांदी वेगळी काढतो. पण बायकोला निघताना झाडलोट करायला लागू नये, एवढं एकच त्यांच्या मनात होतं. निवृत्तीनंतर केर काढायचं काम त्यांनी आपणहून अंगावर घेतलं आहे.

मी गाडी काढतो, मामा मागं बसतात. गल्लीतून देवळाकडं, तिथून चौकाकडं. अंबाबाईच्या देवळापाशी मामा चालत्या गाडीवरूनच हात जोडतात. घंटागाडीचं गाणं बाजूच्या बोळातून ऐकू येतं. गाडीवरचा माणूस आम्हाला बघूनच गाडी थांबवतो.

"गुरुजी, काय झालं?"

"केर... सोप्यातला केर दिला मी."

"चांदीचा?" तो लगेच हातमोजे घालतो. "थांबा, सुक्याच्या कप्प्यात आसंल. तुम्ही हात घालू नकासा, काचा हाईत." तो एकेक पिशवी बाजूला ठेवतो. चौथी की पाचवी पिशवी मामा ओळखतात. जुन्या कॅलेंडरच्या पानात बांधलेली पुडी. भिजली आहे, पण फुटलेली नाही. मामा खिशात हात घालतात तसा तो मागं सरकतो. "गुरुजी, मी तुमच्याच वर्गात हुतो." गाणं पुन्हा सुरू होतं.

घरी मामी वाट बघते आहे, पण रिकामी बसलेली नाही. मोठी परात, कोरडं फडकं आणि लोहचुंबकाचा तुकडा तिनं काढून ठेवला आहे. पुडी परातीत उघडते. केस, दोरे, भाताची शितं, मातीचे खडे. आधी तव्यावर सगळं कोरडं करून घेते. मग चुंबक वरून फिरवते. लोखंडाचा कीस, टाचणी, स्टेपलरची पिन चुंबकाला चिकटून वर येतात. चांदी खाली राहते. केस ती बोटांनी उचलते, माती फुंकरीनं उडवते, फुंकर इतकी बेताची की कडी हलत नाही. हळूहळू परातीच्या तळाला पांढरं चमकायला लागतं. तारेचे तुकडे, तोंडं वाकडी झालेल्या कड्या, एक अख्खं घुंगरू. मामा चष्मा पुसत शेजारी बसतात आणि तेही एकेक कडी वेचू लागतात. त्यांना दिसत नाही तिथं ती त्यांचा हात धरून दाखवते.

काटा बारा ग्रॅम सांगतो.

"दोन मी भरतो," मामा म्हणतात. "माझ्या पेन्शनीतनं."

"काय नको. माझ्या मजुरीतनं कापत्याल." आणि मग, थोडं थांबून, "तुमी झाडलासा म्हणून मला आज कंबर वाकवाय लागली न्हाई. ते बी धरा की हिशोबात."

धडीवाल्याकडचा मुलगा येतो, माल मोजून नेतो, दोन ग्रॅम वहीत लिहून ठेवतो. मामी हात धुते, साडी बदलते. आम्ही एसटीच्या थांब्यावर येतो. कोल्हापूरपर्यंत दोघांचंही तिकीट अर्धं: मामांचं पासष्टीच्या पुढचे म्हणून, मामीचं मार्च २०२३ पासून महिलांना मिळणाऱ्या सवलतीत. रेल्वेचं मात्र पूर्ण. ज्येष्ठांची रेल्वे सवलत मार्च २०२० मध्ये बंद झाली. पुरुषांना ४० टक्के, बायकांना ५० टक्के मिळायची. मामांनी ती वापरली, पण एकट्यानं. मामीला घरातून निघायला सवड झाली तोवर सवलत गेलेली.

मामीला आज कशाचंच दुःख नाही. तिरुपतीहून दर नवरात्रात कोल्हापूरच्या अंबाबाईला शालू येतो, हे ती वर्षानुवर्षं ऐकत आली. आता शालू जिथून येतो तो डोंगर बघणार म्हणून ती लहान मुलीसारखी बोलते आहे. परतताना आधी अंबाबाईचं दर्शन, मग घर, असं तिनं ठरवूनही टाकलं आहे.

मला मात्र त्या वहीतले दोन ग्रॅम सुटत नाहीत. मामांच्या पेन्शनीवर आज दोघं निघाली आहेत आणि मामा ती दोघांचीच मानतात, हे मी बघितलं. पण मामीच्या हातांना पेन्शन नाही. असंघटित कामगारांसाठी केंद्राची श्रमयोगी मानधन योजना २०१९ मध्ये आली, साठीनंतर महिना ३,००० रुपये देणारी. तिच्यात नाव घालायचं वय १८ ते ४०. मामी तेव्हा पन्नाशीच्या कितीतरी पुढं गेलेली.

एसटी येते. बॅगा वर चढवताना मामी मला म्हणते, "शेजारच्या पोरीचं तेवढं पेन्शनीचं भरून टाक बाळा. तिला चौतिसावं लागलंय. दोन महिनं झालं म्हणतीया, जाते जाते, आणि कड्याच सोडवंनात."

भरून टाकणार आहे. आणि हुपरीत, रेंदाळात, आसपासच्या कुठल्याही गावात घरी बसून कड्या जोडणाऱ्या, घुंगरं लावणाऱ्या, चाळिशी न गाठलेल्या प्रत्येक बाईसाठी हे लिहितो आहे. महिन्याची कमाई १५,००० च्या आत असेल आणि कुठला भविष्यनिर्वाह निधी कापला जात नसेल, तर ही योजना तुमच्यासाठी आहे. आधार कार्ड आणि बँकेचं पासबुक घेऊन जवळच्या सीएससी केंद्रात जा. वयाप्रमाणे महिना ५५ ते २०० रुपये तुम्ही भरायचे, तेवढेच सरकार भरतं. ज्यांच्या घरात अशी सून, लेक, बायको आहे, त्यांनी तिला एक दिवस ताटापुढून उठवावं आणि स्वतः सोबत घेऊन जावं. चाळिसावं वर्ष उलटलं की नाव घालता येत नाही.