तीन विजय आणि तिसरे स्थान

१९ सप्टेंबर २०१५ रोजी इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील ब्रायटन या नगरात रग्बीच्या विश्वचषक स्पर्धेतील एक सामना चालू होता. एका बाजूस दोन वेळा विश्वविजेता ठरलेला दक्षिण आफ्रिकेचा संघ होता, तर दुसऱ्या बाजूस जपानचा. जपानने त्यापूर्वी या स्पर्धेत अवघा एक सामना जिंकला होता, आणि तोही १९९१ साली! खेळ संपत आला तेव्हा दक्षिण आफ्रिका ३२–२९ अशी पुढे होती. इतक्यात जपानला पेनल्टी किक मिळाली. चेंडू दोन खांबांमधून मारला असता, तर ३ गुण मिळून बरोबरी साधली असती. परंतु जपानचा कर्णधार मायकेल लीच याला बरोबरी नको होती. त्याने किकऐवजी स्क्रम मागितला. थोड्याच वेळात कार्न हेस्केथ या खेळाडूने गोलरेषेपलीकडे चेंडू भूमीवर टेकविला आणि जपान ३४–३२ असा विजयी झाला. सारे जग थक्क झाले.

पुढे जपानने सामोआला २६–५ आणि अमेरिकेला २८–१८ असे हरविले. गटातील चार सामन्यांपैकी तीन सामने त्याने जिंकले. तरीही उपांत्यपूर्व फेरीत त्याला स्थान मिळाले नाही. असे कसे झाले? केवळ निकालांची यादी वाचून या प्रश्नाचे उत्तर सापडत नाही. त्यासाठी गुणतक्ता पाहावा लागतो. आणि तो नीट मांडलेला असावा लागतो.

प्रथम एक अडचण दूर करू. आपल्या भाषेत ‘गुण’ हा एकच शब्द दोन निरनिराळ्या गोष्टींसाठी वापरला जातो. मैदानावर खेळाडू मिळवितात तेही गुण, आणि सामना संपल्यावर संघाच्या नावे तक्त्यात मांडले जातात तेही गुणच. रग्बीत गोलरेषेपलीकडे चेंडू टेकविण्यास ‘ट्राय’ म्हणतात. एका ट्रायचे ५ गुण मिळतात; पेनल्टी किकचे ३. हे झाले मैदानावरचे गुण. तक्त्याचा हिशेब वेगळा असतो. त्या स्पर्धेत विजयाचे ४, बरोबरीचे २ आणि पराभवाचे शून्य गुण होते. शिवाय एका सामन्यात चार किंवा अधिक ट्राय करणाऱ्या संघास १ बोनस गुण आणि ७ किंवा त्याहून कमी गुणांनी हरणाऱ्या संघासही १ बोनस गुण मिळत असे. या दुसऱ्या प्रकारच्या गुणांना आपण ‘साखळी गुण’ म्हणू, म्हणजे घोटाळा होणार नाही.

आता ब्रायटनचा सामना पुन्हा पाहा. जपानने तीन ट्राय केले होते, म्हणून विजयाचे ४ साखळी गुण तेवढे त्याच्या पदरी पडले. दक्षिण आफ्रिका हरली खरी; परंतु तिने चार ट्राय केले होते आणि ती केवळ २ गुणांनी हरली होती. म्हणून पराभूत होऊनही तिला २ साखळी गुण मिळाले!

सर्व सामने संपल्यावर त्या गटाचा तक्ता असा झाला :

| संघ | सामने | विजय | पराभव | केलेले गुण | दिलेले गुण | फरक | बोनस | साखळी गुण |
|---|---|---|---|---|---|---|---|---|
| दक्षिण आफ्रिका | ४ | ३ | १ | १७६ | ५६ | +१२० | ४ | १६ |
| स्कॉटलंड | ४ | ३ | १ | १३६ | ९३ | +४३ | २ | १४ |
| जपान | ४ | ३ | १ | ९८ | १०० | −२ | ० | १२ |
| सामोआ | ४ | १ | ३ | ६९ | १२४ | −५५ | २ | ६ |
| अमेरिका | ४ | ० | ४ | ५० | १५६ | −१०६ | ० | ० |

विजयांचा स्तंभ वरून खाली वाचला, तर पहिले तिन्ही संघ सारखेच दिसतात. त्यांना वेगळे केले ते बोनसच्या स्तंभाने. जपानच्या नावापुढे तेथे शून्य आहे. ब्रायटननंतर अवघ्या चार दिवसांनी स्कॉटलंडने थकलेल्या जपानला ४५–१० असे हरविले, तेव्हा स्कॉटलंडला बोनस गुणही मिळाला. हा स्तंभ कोणी जागा वाचविण्यासाठी गाळला, तर ३ विजयांचे कधी १६, कधी १४ आणि कधी १२ गुण कसे होतात, हे वाचकास कळणार नाही, आणि तक्ता चुकला आहे असेच त्याला वाटेल.

हल्ली असे तक्ते बहुतेक लोक मोबाइलच्या लहान पडद्यावर वाचतात. नऊ स्तंभ तेथे मावत नाहीत. मग काही गाळावेच लागले, तर केलेले व दिलेले गुण गाळून फरक तेवढा ठेवावा. कारण फरक हे त्या दोहोंचेच सार आहे. संघाचे नाव, सामने, बोनस आणि साखळी गुण मात्र कदापि गाळू नयेत. आकडे एकमेकांच्या खाली एकं-दहं जुळवून लिहावेत, म्हणजे नजर सहज खाली उतरते. पुढील फेरीत गेलेल्या संघांची नावे काही जण केवळ हिरव्या रंगात दाखवितात. परंतु काही लोकांना हिरवा व तांबडा हे रंग वेगळे ओळखता येत नाहीत. त्यांच्यासाठी नावापुढे एखादी खूण हवी. तक्त्याचे चित्र काढून तेच टाकणे तर अगदीच गैरसोयीचे. अंध वाचकांना पडद्यावरचा मजकूर वाचून दाखविणारी साधने असतात. त्यांना अक्षरे वाचता येतात, चित्रातील आकडे वाचणे कठीण जाते.

तक्त्यावर दिनांक हवाच. ७ ऑक्टोबर २०१५ च्या रात्री दक्षिण आफ्रिकेचे चारही सामने संपून १६ साखळी गुण झाले होते. स्कॉटलंडचे ३ सामन्यांत १० आणि जपानचे ३ सामन्यांत ८ होते. सामन्यांचा स्तंभ पाहणाऱ्यालाच कळले असते, की दुसरे स्थान अजून ठरलेले नाही. १० ऑक्टोबरला स्कॉटलंडने सामोआवर ३६–३३ अशी निसटती मात केली आणि त्याचे १४ गुण झाले. जपानला अखेरच्या सामन्यात जास्तीत जास्त ५ गुण मिळू शकत होते. ८ आणि ५ मिळून १३. म्हणजे दुसऱ्या दिवशी अमेरिकेविरुद्ध मैदानात उतरण्यापूर्वीच जपानचे आव्हान संपले होते. तरीही ते खेळाडू खेळले आणि जिंकले.

पुढील विश्वचषक २०१९ साली जपानमध्येच झाला. तेव्हा जपानने गटातील चारही सामने जिंकून १९ साखळी गुण मिळविले व प्रथमच उपांत्यपूर्व फेरी गाठली. परंतु त्या स्पर्धेत तक्ता करणाऱ्यांपुढे एक निराळाच पेच उभा राहिला. ऑक्टोबरमध्ये हागिबिस नावाचे प्रचंड चक्रीवादळ जपानवर आले आणि तीन सामने रद्द करावे लागले. नियमाप्रमाणे त्यांचा निकाल ०–० धरून प्रत्येक संघास २ साखळी गुण देण्यात आले. आता एखाद्याने यादीत ‘न्यूझीलंड ०, इटली ०’ एवढेच लिहिले, तर वर्षानुवर्षांनी वाचणाऱ्यास वाटेल, की इटलीने बलाढ्य न्यूझीलंडला बरोबरीत रोखले. वस्तुतः त्या दिवशी चेंडूला कोणाचा पायही लागला नव्हता. आणि इटलीच्या दृष्टीने ती बरोबरी नव्हतीच. न्यूझीलंडला हरविले असते, तर तिला पुढच्या फेरीची आशा होती. ते २ गुण घेऊन ती एकूण १२ गुणांवर तिसरी राहिली आणि घरी परतली. म्हणून अशा निकालापुढे एक लहानशी खूण करून तक्त्याच्या खाली लिहावे लागते : ‘वादळामुळे सामना खेळला गेला नाही.’