पोट भरणे आणि पोसणे : परसातल्या कोंबड्यांचे खाद्य

ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपली शाळा ही व्याख्यानमाला चालवते, त्यांनी आमच्या वर्गाला मिश्रणाची गणिते शिकवली. एक हलका तांदूळ आणि एक भारी तांदूळ कोणत्या प्रमाणात एकत्र केले असता मधल्या भावाचा तांदूळ तयार होईल, या जातीची ती उदाहरणे होती. आम्ही ती परीक्षेपुरती सोडवली आणि विसरलो. त्यांचा खरा उपयोग मला नोकरीतून निवृत्त झाल्यावर, आणि तोही कोंबड्यांच्या खुराड्यापाशी, कळला. म्हणून व्याख्यानासाठी विषय विचारण्यात आला तेव्हा मी हा विषय निवडला. तो साधा आहे. परंतु त्यात माझी एक चूक गुंतलेली आहे आणि ती या शाळेच्या व्यासपीठावरच कबूल करावी असे मला वाटले.

१९९४ साली मी एका बँकेच्या ग्रामीण शाखेत कर्जप्रकरणे पाहत होतो. खानापूर तालुक्यातील एका गावात दहा स्त्रियांना सुधारित कोंबड्यांसाठी कर्ज देण्यात आले. बंगळूरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात तयार झालेली गिरिराज ही जात तेव्हा आपल्या भागात येऊ लागली होती. पहिले दोन महिने अंडी बरी मिळाली. नंतर कवचे पातळ होऊ लागली. काही अंडी तर नुसत्या पापुद्र्यात येत. कोंबड्या एकमेकींची पिसे उपटू लागल्या, आपलीच अंडी फोडून खाऊ लागल्या आणि काहींचे पाय लुळे पडले. मी पाहणीला गेलो तेव्हा एक मावशी मला म्हणाल्या, “साहेब, एक दिवस उपाशी ठेवलं नाही हो त्यांना. घरचं भात, घरचा मका, मागेल तेवढा घातला.” मी कचेरीत परतलो आणि ‘ही जात येथील हवेस मानवत नाही’ असा शेरा मारला. त्या गावाला पुढे कोंबड्यांसाठी कर्ज मिळाले नाही. मावशींनी दोन शेळ्या विकून आपले खाते बंद केले.

हवेचा काही दोष नव्हता. मावशी खरे बोलत होत्या. कोंबड्या उपाशी नव्हत्या, तरीही त्यांची उपासमार झाली होती. हे कसे घडते ते समजले, म्हणजे खाद्य घरी कसे मिसळावे हेही समजते.

आपल्या आजीच्या काळची गावठी कोंबडी डालग्यातून सकाळी सुटे आणि दिवसभर उकिरडा उकरी. किडे, वाळवी, कोवळा पाला, सांडलेले धान्य, मातीतले खडे हे सारे तिला आपोआप मिळे. ती वर्षाला साठ-सत्तर अंडी देई आणि तेवढ्यापुरता हा आहार पुरे. सुधारित कोंबडी याहून पुष्कळ अधिक अंडी देते. एका अंड्यात सहा-सात ग्रॅम प्रथिने असतात. त्याचे कवच पाच-सहा ग्रॅमचे, जवळजवळ सगळे चुन्याचे, आणि त्यात सुमारे दोन ग्रॅम कॅल्शियम असते. शंभर ग्रॅम मक्यात मात्र कॅल्शियम अवघे वीस-पंचवीस मिलिग्रॅम. मग कवचासाठी चुना येतो कोठून? कोंबडी तो आपल्या हाडांतून काढून देते. हाडांतला साठा सरला की पाय लुळे पडतात. त्या गावात जे दिसले ते हेच होते. अंडे फोडून खाण्याच्या खोडीमागेही पुष्कळदा हीच उणीव असते, आणि पिसे उपटण्यामागे पुष्कळदा प्रथिनांची आणि मिठाची.

पोट भरलेले असूनही प्राणी आजारी पडू शकतो, हे जगाला प्रथम कोंबड्यांनीच दाखवले. क्रिस्तियान आइकमान हे डच डॉक्टर १८९० नंतरच्या दशकात जावा बेटावरील बटाव्हिया येथे बेरीबेरी या रोगाचा शोध घेत होते. त्यांच्या प्रयोगशाळेतील कोंबड्यांचे पाय एकाएकी लुळे पडले, आणि काही महिन्यांनी त्या तितक्याच एकाएकी बऱ्या झाल्या. चौकशी करता कळले की मधल्या काळात त्यांना लष्करी रुग्णालयाच्या मुदपाकखान्यातला पांढराशुभ्र सडलेल्या तांदळाचा भात घातला जात होता. नवा आचारी आला. लष्कराचा भात बिगरलष्करी कोंबड्यांना द्यायला तो तयार होईना. त्यामुळे त्यांना पुन्हा न सडलेला तांदूळ मिळू लागला आणि त्या सुधारल्या. तांदूळ सडताना जो कोंडा निघून जातो त्यातच जीवनसत्त्व होते. या कामाबद्दल आइकमान यांना १९२९ साली नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. खानापूरच्या भातगिरण्यांतून निघणारा कोंडा आपण जनावरांपुढे टाकतो, त्याची योग्यता एवढी मोठी आहे. मात्र कोंडा आणि तूस यांत गल्लत करू नये. तुसात पोषण नाही. कोंडाही ताजाच घ्यावा, कारण त्यातले तेल लवकर खवट होते.

आता मिश्रणाकडे वळू. अंड्यावरच्या कोंबडीच्या खाद्यात शंभराला सुमारे सतरा भाग प्रथिने असावीत. मका, ज्वारी, कणी, कोंडा यांच्या मिश्रणात ती दहाच्या आसपास असतात आणि पेंडी व सुकी मासळी यांच्या मिश्रणात चाळीसच्या आसपास. शंभर किलोंपैकी दहा किलो जागा चुना, मीठ इत्यादींसाठी राखून ठेवावी लागते व त्यांत प्रथिने नसतात. म्हणून उरलेल्या नव्वद किलोंत प्रमाण एकोणीस धरावे. येथे गुरुजींची रीत उपयोगी पडते. एक चौकोन काढा. डाव्या बाजूस वर १० आणि खाली ४० मांडा. मधोमध १९ लिहा. तिरकस वजाबाकी करा. चाळीसातून एकोणीस गेले, उरले एकवीस. ते धान्याचे भाग. एकोणीसातून दहा गेले, उरले नऊ. ते पेंडीचे भाग. एकवीस आणि नऊ मिळून तीस. नव्वद किलोंत धान्य त्रेसष्ट किलो आणि पेंड सत्तावीस किलो. पडताळा पाहा. त्रेसष्ट किलोंतून ६.३ किलो प्रथिने आणि सत्तावीस किलोंतून १०.८ किलो, म्हणजे एकूण १७.१ किलो.

दहा-बारा कोंबड्या पाळणाऱ्या घराला एका वेळी दहा किलो खाद्य पुरते. मी ते असे घेतो. भरडलेला मका ४ किलो, ज्वारी किंवा कणी १ किलो ३०० ग्रॅम, ताजा कोंडा १ किलो, सोयाबीन पेंड १ किलो, शेंगदाणा पेंड ७०० ग्रॅम, सूर्यफूल पेंड ५०० ग्रॅम, बिनमिठाची सुकी मासळी कुटून ५०० ग्रॅम, शिंपल्यांचा चुरा ८०० ग्रॅम, डायकॅल्शियम फॉस्फेट १५० ग्रॅम, मीठ ३० ग्रॅम आणि जीवनसत्त्व-खनिजांची पूड सुमारे २० ग्रॅम. पुडीच्या पाकिटावर निराळे प्रमाण दिले असेल तर ते पाळावे.

एकच पेंड का घालू नये, असे आपण विचाराल. प्रथिने ही निरनिराळ्या घटकांची बनलेली असतात आणि त्यांतला एखादा घटक कमी पडला की बाकीचे वाया जातात. मक्यात लायसिन कमी. सोयाबीन ते भरून काढते. सोयाबीनमध्ये मिथिओनिन कमी. ते सूर्यफूल आणि मासळीतून मिळते. आपण भाताबरोबर वरण खातो त्यामागेही हेच शहाणपण आहे. पण पेंड घ्यावी, कच्चे सोयाबीन घालू नये. त्यातील एक द्रव्य प्रथिनांचे पचन रोखते आणि ते उष्णतेनेच नष्ट होते. मासळी घाट चढून येते तेव्हा पुष्कळदा खारवलेली असते. तशीच घालावी लागली तर वरचे मीठ वगळावे. जास्त मीठ कोंबडीला विषासमान आहे.

मिसळण्याचीही शिस्त आहे. वीस ग्रॅम पूड दहा किलोंच्या ढिगावर भुरभुरली तर एका कोंबडीला सगळी आणि दुसरीला काहीच नाही, असे होते. म्हणून मीठ, पूड व फॉस्फेट आधी मूठभर कोंड्यात कालवावे, ते किलोभर भरड्यात मिसळावे आणि मग सगळ्या ढिगात. ताडपत्रीवर ढीग एका बाजूचा दुसऱ्या बाजूला असा तीनदा ओढावा. मका भरडावा, पीठ करू नये. पीठ चोचीला चिकटते आणि वाऱ्यावर जाते. सर्व जिन्नस तराजूवर तोलावे. माप आणि ओंजळ येथे फसवतात.

मोठ्या कोंबडीला रोज शंभर ते एकशेवीस ग्रॅम खाद्य लागते. दिवसभर मोकळी हिंडणारी असेल तर निम्मे द्यावे, तेही संध्याकाळी खुराड्यात परतल्यावर; आणि शिंपल्यांचा चुरा एका वाडग्यात वेगळा ठेवावा. खाल्लेल्या चुन्यापैकी सुमारे निम्माच अंगी लागतो, म्हणून तो सढळ हाताने द्यावा. पिल्लांना मात्र हे खाद्य घालू नये. त्यांना प्रथिने वीसच्या आसपास हवीत आणि चुना पुष्कळ कमी. जास्त चुन्याने त्यांची मूत्रपिंडे बिघडतात.

आणखी एक गोष्ट मी नुकसान सोसून शिकलो. २०११ च्या पावसाळ्यात मी शेंगदाणा पेंडीचे एक पोते स्वस्त मिळाले म्हणून घेतले आणि पडवीत जमिनीवर ठेवले. श्रावण संपता संपता तिला हिरवट बुरशी आली. मी वरचा थर काढून टाकला, उरलेली पेंड तव्यावर भाजली आणि घातली. पंधरा दिवसांत बारांपैकी सात कोंबड्या गेल्या. त्या बुरशीचे विष भाजल्याने जात नाही. १९६० साली इंग्लंडात एक लाखाहून अधिक टर्की पक्षी मेले, तेही बुरशी आलेल्या शेंगदाणा पेंडीमुळे. अफ्लाटॉक्सिन या विषाचा शोध त्यातूनच लागला. तेव्हा आपल्या पावसात दोन-तीन आठवड्यांपुरतेच खाद्य करावे, पोती फळीवर आणि भिंतीपासून दूर ठेवावीत, आणि कुबट वास आला तर मोह न धरता सगळे पुरून टाकावे.

घरचे खाद्य नेहमी स्वस्त पडते, असे मी म्हणणार नाही. सगळे जिन्नस किरकोळ भावाने विकत आणले तर कारखान्याची गोणी कधी कधी परवडते. घरचा मका, गिरणीचा कोंडा आणि मोकळे परस असेल तरच बचत होते. पण हिशेब मांडता आला तर काय उणे आहे हे तरी कळते. मला ते १९९४ साली कळायला हवे होते. चुऱ्याची चार पोती त्या गावाला पुरली असती. मी शेरा मारला तो कोंबड्यांच्या जातीवर, आणि शेळ्या गेल्या मावशींच्या.

निवृत्तीनंतर मी त्या गावी गेलो आणि माझे चुकले होते, असे मावशींना सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले. मग म्हणाल्या, “तेव्हा सांगितलं असतं तर बरं झालं असतं, साहेब.” याला माझ्यापाशी उत्तर नव्हते. त्यांच्या सुनेने मात्र पाच कोंबड्या ठेवल्या होत्या. तिला मी वरचे प्रमाण वहीच्या कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून दिले आणि चौकोनाची रीतही काढून दाखवली, म्हणजे मका महागला आणि ज्वारी घ्यावी लागली तरी तिचे अडणार नाही.

तोच कागद आज आपल्यासमोर ठेवला आहे. आपल्यापैकी पुष्कळजण बेळगावात, गोव्यात, पुण्यात स्थिरावले असतील, पण कोणाचे ना कोणाचे घर अजून गावाकडे आहे आणि त्या घराच्या परसात चार कोंबड्या आहेत. सुट्टीला जाल तेव्हा अंड्याचे कवच बोटाने दाबून पाहा. ते पातळ लागले तर जातीला किंवा हवेला दोष देण्याआधी खाद्याचा हिशेब मांडा. गुरुजींनी शिकवलेले गणित तेवढ्यासाठी पुरेसे आहे.