अक्षरांचा विवेक : विद्यार्थ्यांसाठी मांडणीचे पहिले पाठ

चातुर्मासाची पत्रिका, क्षमापनेचा संदेश, शाळेच्या स्नेहसंमेलनाचा फलक, ग्रामसभेची सूचना, दुकानाची पाटी या साऱ्यांसाठी एके काळी तालुक्याच्या गावी छापखान्यात जावे लागे. तेथे खिळे जुळवणारा जुळारी असे, मुद्रिते तपासणारा असे आणि अनुभवाने पिकलेला मालक असे. आज वाशीम जिल्ह्याच्या मालेगाव तालुक्यातील किन्हीराजासारख्या गावात हेच काम दहावी-अकरावीतील विद्यार्थी मोबाइलवर घटकाभरात करू शकतो. तिघांची जबाबदारी एका कोवळ्या हातावर आली आहे. साधन सुलभ झाले, परंतु त्या तिघांजवळची विद्या साधनाबरोबर आपोआप येत नाही. ती शिकावी लागते. सुदैवाने तिची मूलतत्त्वे मोजकी आहेत आणि त्यांचे पहिले पाठ आपल्या पूर्वजांच्या पोथ्यांतच सापडतात.

पोथी हेच पाठ्यपुस्तक

आपल्याच जिल्ह्यातील कारंजा तेथील जैन मंदिरांच्या शास्त्रभांडारांसाठी विद्वानांना परिचित आहे. डॉ. हिरालाल जैन यांनी संपादिलेली ‘णायकुमारचरिउ’ आणि ‘करकंडचरिउ’ ही अपभ्रंश काव्ये अनुक्रमे 1933 आणि 1934 मध्ये कारंज्याहून प्रसिद्ध झाली. जुन्या पोथ्यांकडे आपण श्रद्धेने पाहतो. मांडणीच्या विद्यार्थ्याने त्यांच्याकडे थोडे कारागिराच्या दृष्टीनेही पाहावे.

जैन हस्तलिखितांत ‘त्रिपाठ’ नावाची एक पद्धत आढळते. पानाच्या मध्यभागी मूळ ग्रंथ मोठ्या अक्षरांत आणि त्याच्या वर व खाली टीका बारीक अक्षरांत लिहिलेली असते. टीका दोन्ही बाजूंच्या समासांतही असेल, तर तिला ‘पंचपाठ’ म्हणतात. पान समोर येताच मूळ कोणते आणि विवरण कोणते, हे एक अक्षरही न वाचता कळते. हेच मांडणीचे पहिले तत्त्व आहे : मजकुरात श्रेणी असावी. पत्रिकेत कार्यक्रम कोणता, केव्हा आणि कोठे, या तीन गोष्टी मूळ ग्रंथाच्या जागी आहेत. निमंत्रकांची नावे, सहकार्य आणि आभार हे विवरण होय. आपल्या अनेक पत्रिकांत याच्या उलट घडते. नावे ठळक होतात, तारीख कोपऱ्यात दडते आणि सगळेच मोठे केल्यामुळे काहीच मोठे दिसत नाही.

दुसरे तत्त्व रिकाम्या जागेचे. ताडपत्राच्या पोथीत दोरी ओवण्यासाठी छिद्र असे व त्याभोवती जागा मोकळी ठेवावी लागे. पुढे कागद आला, दोरीची गरज सरली, तरीही लेखकांनी पानाच्या मध्यभागी मोकळी चौकट राखली आणि कित्येकदा ती तांबड्या ठिपक्याने सजवली. कडेचे रुंद समासही असेच उपयोगी होते. हाताळून पानाची कड झिजली, तरी मजकूर वाचत असे. मोकळी जागा दिसली की ती फुलांनी, झालरींनी आणि छायाचित्रांनी भरून टाकण्याचा मोह विद्यार्थ्यांना होतो. दोन शब्दांमधील क्षणभराच्या विरामाने वक्त्याचे बोलणे स्पष्ट होते. समास पानासाठी तेच काम करतो.

तिसरे तत्त्व रंगाचे. पोथीत मजकूर काळ्या शाईने लिहीत. तांबडा रंग बहुधा श्लोकांचे अंक, अध्यायाची समाप्ती आणि समासाच्या रेघा यांसाठी राखून ठेवत. चुकलेल्या अक्षरावर पिवळा हरताळ लावत. ‘हरताळ फासणे’ हा आपला वाक्प्रचार तेथूनच आला. प्रत्येक रंगाला नेमून दिलेले काम होते. आजच्या फ्लेक्सवर जांभळ्या पटावर लाल अक्षरे व त्यांना पिवळी किनार दिसते, तेव्हा या रंगाने येथे कोणते काम केले, असा प्रश्न विद्यार्थ्याने स्वतःला विचारावा. मजकुराचा आणि पार्श्वभूमीचा रंग यांत गडद-फिक्याचा भेद पुरेसा असला, तर अंधूक प्रकाशातही वाचता येते.

मराठी अक्षराच्या गरजा

मांडणीची बहुतेक साधने प्रथम रोमन अक्षरांसाठी घडली. आपले अक्षर निराळे आहे. ते शिरोरेषेखाली टांगलेले असते; वर वेलांटी, मात्रा, रफार आणि अनुस्वार, तर खाली उकार, ऋकार आणि जोडाक्षरांचे पाय असतात. म्हणून दोन ओळींतील अंतर इंग्रजीपेक्षा अधिक ठेवावे. नाही तर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत अडकतो. अक्षरे ताणून सुटी करू नयेत. तसे केल्यास शिरोरेषा तुटते आणि शब्द विस्कटतो. जागेत बसवण्यासाठी अक्षरे आडवी दाबूही नयेत. मजकूर मावत नसेल, तर तो कमी करणे हाच खरा उपाय आहे.

त्याहून महत्त्वाची गोष्ट शुद्धतेची. ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ हे दोन शब्द पाहा. पहिल्यात वंदनीय आचार्य आहेत, दुसऱ्यात स्वयंपाक करणारे आचारी. फरक केवळ रकाराच्या खुणेचा आहे, परंतु पत्रिकेवर तो चुकला तर अर्थ तर बिघडतोच, शिवाय अविनयही होतो. मराठीतील ही ‘ऱ्य’ची खूण काही फॉन्टांत नीट उमटत नाही, म्हणून फॉन्ट निवडण्यापूर्वी ‘दुसऱ्या’, ‘वाऱ्यावर’ असे शब्द लिहून पाहावेत. ‘ल’ आणि ‘श’ यांची मराठी वळणेही हिंदीहून वेगळी आहेत. महाराष्ट्र शासनाने 6 नोव्हेंबर 2009 च्या निर्णयाने मराठी वर्णमाला आणि अक्षरलेखन प्रमाणित केले. मुलांनी पाठ्यपुस्तकात गिरवलेले वळणच फलकावर दिसावे.

खिळ्यापासून फॉन्टपर्यंत

सुबक देवनागरी छपाईसाठी महाराष्ट्राने मोठी साधना केली आहे. जावजी दादाजी यांनी 1869 मध्ये मुंबईत निर्णयसागर छापखाना काढला. तेथील सुडौल खिळ्यांनी आणि निर्दोष छपाईने देशभर नाव मिळवले. हरिचंद्राचे ‘धर्मशर्माभ्युदय’ आणि सोमदेवाचे ‘यशस्तिलक’ हे जैन ग्रंथ तेथील ‘काव्यमाला’तूनच अभ्यासकांच्या हाती आले. पुढे संगणकाच्या युगात मुंबईच्या आयआयटीत अध्यापन केलेले सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी ‘मंगल’ हा फॉन्ट घडवला आणि विंडोज संगणकांमधून तो घरोघरी पोहोचला. आज मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेचे ‘मुक्ता’ आणि ‘बालू’ हे फॉन्ट विनामूल्य मिळतात. शीर्षकाला ‘बालू’ आणि मजकुराला ‘मुक्ता’ घेतले, तर एका पत्रिकेचे काम भागते. एका पानावर दोनांहून अधिक फॉन्ट सहसा लागत नाहीत.

एक छोटा सराव

विद्यार्थी मित्रांनो, घरातील एखादी जुनी पत्रिका घ्या. ती हातभर अंतरावर धरून डोळे किलकिले करा. सर्वांत आधी जे दिसते, ते खरोखर सर्वांत महत्त्वाचे आहे का? नंतर तोच मजकूर कोऱ्या कागदावर पेन्सिलीने नव्याने मांडा. एकमेकांशी संबंध असलेल्या गोष्टी जवळ आणा. सर्व ओळी एकाच उभ्या रेषेपासून सुरू करा. तारीख, वेळ आणि ठिकाण ठळक करा. त्यानंतरच मोबाइल हाती घ्या. छापण्यापूर्वी मजकूर मोठ्याने वाचा व दुसऱ्या कोणाकडून तपासून घ्या. शेवटी ते पान आजीच्या हाती द्या. प्रवचनाची वेळ तिला कोणालाही न विचारता सापडली, तर तुमची मांडणी साधली.

ही विद्या पुढे उपजीविकेचे साधनही होऊ शकते. पुस्तके, वृत्तपत्रे, वेष्टने आणि पाट्या मराठीत लागतातच, आणि त्या जाणतेपणाने करणाऱ्यांची गरज गावोगावी आहे. जुन्या पोथ्यांच्या शेवटी लेखक नोंदवून ठेवत, की पाठ, कंबर आणि मान मोडून हे लिहिले आहे, तरी ते जतनाने सांभाळावे. त्यांचे कष्ट आज आपल्याला घ्यावे लागत नाहीत. वाचकाविषयीची त्यांची काळजी मात्र आपण घेऊ शकतो. येत्या पर्युषणाची पत्रिका हा त्याचा पहिला प्रयोग ठरावा.